भाग जातो, एवढंच कळलं

वडील बांधावरून घसरून पडले, खुबा मोडला, आणि त्याच वर्षी मी एका मूळ संख्येच्या मागे लागले होते.

कर्जतच्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवते. घर चौकजवळच्या गावात. फळ्यावर वर्षानुवर्षं तेच लिहून हात आणि मन दोन्ही आंबले होते. जगभरातले हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर प्रचंड मूळ संख्या शोधतात, हे कळल्यावर मीही त्यांच्या प्रकल्पाकडून तपासायला एक संख्या मागून घेतली. दोनाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशी ती संख्या. स्वतःखेरीज आणि एकाखेरीज तिला कशानेच भाग जात नसेल, तर ती मूळ.

लाइट सारखी जायची आणि इन्व्हर्टर वडिलांच्या खोलीपुरताच होता, म्हणून कॉम्प्युटर त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला. तो रात्रंदिवस घरघरत राहिला.

"काय करतंय गं ते?" एकदा त्यांनी विचारलं.

"रोपं समजा. बारा असली तर चार-चारच्या तीन ओळी होतात. तेरा असली तर?"

"एक उरतंय."

"कशाही लावल्या तरी ओळी सारख्या होत नाहीत. म्हणून तेरा मूळ. ही संख्या तशी आहे का, ते बघतोय तो."

"त्याला इतकं दिवस?"

"एकेका आकड्याने भागून बघायचं तर जन्म पुरणार नाही. म्हणून एक युक्ती आहे. चारापासून सुरू करायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचं पुन्हा तेच. सगळ्यात शेवटी बाकी शून्य आली तर मूळ."

त्यानंतर मी कॉलेजातून आले, की मी पर्स ठेवायच्या आधीच ते सांगायचे, "चालू हाय." पाणी मागायचं सोडून आधी हे.

आठवडे गेले. मी त्यांना अंघोळ घालायची, पेपर तपासायची, जेवताना पेंगायची. एका रविवारी दुपारी उत्तर आलं. बाकी शून्य नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "भाग जातो."

"कितीनं?"

"ते नाही कळत. भाग जातो एवढंच ही युक्ती सांगते. कितीने, ते कदाचित कुणालाच कधी कळणार नाही."

"आमाला वाटलं होतं, मूळ निघंल," ते म्हणाले. मग संकोचून, "आता बंद ठेवशील का गं? त्या आवाजानं झोप लागत नाय."

"इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुझं काम व्हतं."

मी बटण बंद केलं. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर हळूहळू विरली आणि हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. वडिलांचा डोळा लगेच लागला. संध्याकाळी चहाला हाक मारली तरी उठले नाहीत, म्हणून मी जवळ जाऊन श्वास बघितला. गाढ झोपले होते. त्यांच्या पायांवर चादर ओढून मी तिथेच खुर्चीत टेकले. सोमवारच्या तासाची तयारी राहिली होती, पण उठवेना.

दुसरी संख्या मी मागितली नाही.