हिंदुरावाला दिलेले दोन फ्री थ्रो

श्रीनिवास लिमये या गृहस्थांशी वाद घालून जिंकलेला माणूस बिबवेवाडीत तरी सापडायचा नाही. रिक्षावाल्याशी मीटरवरून, दूधवाल्याशी पाण्यावरून आणि सोसायटीच्या चेअरमनशी कशावरूनही. लिमये एकदा सुरू झाले की समोरचा पाच मिनिटांत हात टेकायचा. एकच वाद त्यांना अकरा वर्षं जिंकता आला नव्हता. तो दर रविवारी सकाळी स्वारगेटजवळच्या अमृततुल्यात पहिल्या चहाबरोबर नव्याने सुरू व्हायचा.

लिमये सातारा रस्त्यावरच्या एका पंपांच्या कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते. कोण किती वाजता आला, कोणाची किती रजा शिल्लक, सगळं त्यांच्याकडे. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले, म्हणून कारखान्याच्या टीमचं कोचपणही त्यांच्याच गळ्यात पडलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की शिफ्ट सुटल्यावर घर गाठायचं सोडून हा माणूस शेडमागच्या सिमेंटच्या कोर्टवर शिट्टी फुंकत उभा. बायको म्हणायची, तुमच्या मस्टरवर घरची हजेरी कधी लागते ते तरी कळवत जा.

कारखान्यात सगळा कारभार टोकन नंबरावर चालायचा. आधी लागला त्याचा नंबर लहान, आणि नंबर लहान त्याचा मान मोठा. नवे बूट आधी त्याला, दिवाळीची रजा आधी त्याला, कँटीनमध्ये पंख्याखालची जागासुद्धा त्याचीच. या याद्या एकोणीस वर्षं लिमयांनी आपल्या हातांनी केल्या होत्या. टीमचा कॅप्टन हिंदुराव, टर्नर, टोकन नंबर चोवीस. आणि सगळ्यांत नवा सुदर्शन, तिकडे भंडाऱ्याहून आलेला, टेंपररी. टेंपररीला टोकन नसायचंच. सात महिने काम, मग घरी.

पण त्या पोराचा हात काय सांगावा महाराजा! फ्री थ्रो म्हणजे कोणी अंगावर येत नसताना रेषेवर उभं राहून मारायचा बॉल. पन्नासातले शेहेचाळीस हा पठ्ठ्या बिनदिक्कत घालायचा. लिमयांचा त्याच्यावर फार जीव. मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन, जन्मात पहिल्यांदा आवाज खाली ठेवून, त्यांनी शब्द मिळवला होता: आंतरकंपनी स्पर्धेचा कप आणा, पोराला पर्मनंट करतो. हे लिमयांना ठाऊक होतं आणि सुदर्शनला ठाऊक होतं.

शहाण्णव साली टीम फायनलला पोचली. समोर नव्यानेच उघडलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीची टीम. एकसारखे बूट, विकतचं पाणी, आणि शाबासकीसुद्धा इंग्रजीतून. तरी आपल्या मंडळींनी त्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा कारखाना एका गुणाने मागे होता. तेवढ्यात समोरच्या कोचचं डोकं फिरलं आणि त्याने रेफ्रीला नको ते सुनावलं. रेफ्रीने टेक्निकल फाउल दिला. म्हणजे कारखान्याला दोन फ्री थ्रो, वर बॉलही आपलाच. आणि ते दोन कोणी मारायचे हे कोचने सांगायचं. दोन्ही आत गेले की कप आपला.

सुदर्शन रेषेपाशी येऊन उभाच होता. तळहात चड्डीला पुसून त्याने लिमयांकडे पाहिलं. लिमयांनीही त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून नाव निघालं, "हिंदुराव."

चाळीस मिनिटं धावून हिंदुरावाच्या छातीचा भाता झाला होता. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर आला, दुसरा रिंगपर्यंत पोचलाही नाही. मग बाजूने बॉल मिळाला तो टीममधल्याच पोपटने घाईघाईत फेकला, फळीवर आपटला, आणि संपलं. मार्चमध्ये सुदर्शनचे सात महिने भरले. हजेरीच्या रॅकमधून त्याचं कार्ड काढायचं काम टाइम ऑफिसचं, म्हणजे लिमयांचंच. त्यांनी ते काढलं.

पुढे चार वर्षांत कारखानाच गेला. सगळ्यांनी व्हीआरएस घेतली, शेड पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्यात गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं येऊ-जाऊ लागली. टीमपैकी रविवारच्या चहाला उरले तिघे: लिमये, हिंदुराव आणि पोपट. पोपट टेबलावर खारीचे तुकडे मांडून ते सहा सेकंद पुन्हा खेळायचा आणि म्हणायचा, पोरगं समोर उभं असताना हिंदुरावाला दिलेत कसे? स्वतः मारलेला बॉल तेवढा तो सोयीने विसरायचा. लिमये उसळायचे. पहिल्यांदा फायनल खेळणारं पोर, त्याचे हात कापले असते. दडपणात अनुभवच लागतो. आपल्याला खेळ कळत नसेल तर आपण खारी खावी. हिंदुराव बशीत चहा ओतून गप्प प्यायचा. एकदाच बोलला, की सायब, माज्या पायात गोळं आलं हुतं, पर तुमी सगळ्यांम्होरं नाव घेतलं, आता न्हाई कसं म्हनायचं?

हात कापण्याची गोष्ट खोटी आहे हे लिमयांना पक्कं माहीत होतं. त्या क्षणी त्यांनी सुदर्शनच्या हातांचा विचारच केला नव्हता. कसलाच केला नव्हता. यादी वाचावी तसं वरचं नाव वाचलं होतं. एवढं कोणाजवळ कबूल केलं असतं तर जरा हलकं वाटलं असतं, पण तेवढंच त्यांना जमत नव्हतं.

दोन हजार सात साली त्यांच्या श्रद्धाने, आयटीतल्या लेकीने, मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. लिमये तिथे राहायला गेले असताना सकाळी लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीला जो माणूस आला तो सुदर्शन. कानांवरचे केस पिकलेले. त्याने पान्हा खाली ठेवून वाकून नमस्कार केला. सर, तब्येत कशी, काकू कशा आहेत, हिंदुरावकाका कसे. इथे पंप आणि लिफ्ट बघतो म्हणाला, कंत्राटदाराकडे. दर अकरा महिन्यांनी कागद नवा होतो.

लिमयांनी अकरा वर्षं मनात घोळवलेलं बोलायला तोंड उघडलं. "सुदर्शन, त्या दिवशी ते दोन थ्रो..."

त्याने पुढचं बोलूच दिलं नाही. त्यांची समजूत घालावी तसा हसला.

"तुमचं बरोबरच होतं ना जी, सर. मी टेंपररी होतो."

त्यात टोमणा असता तर लिमयांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण त्याला खरंच तसं वाटत होतं. अकरा वर्षांत त्यांच्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस. लिमयांना फार लाज वाटली. लिफ्ट सुरू झाली होती, तरी ते तीन मजले जिन्याने चढून गेले.

पुढच्या रविवारी पोपटने सवयीप्रमाणे खारीचे पाच तुकडे मांडले आणि एक तुकडा रेषेपाशी सरकवला.

"माझं चुकलं," लिमये म्हणाले. "हात-बित काही नाही. त्याला टोकन नव्हतं, म्हणून मला तो दिसलाच नाही."

पोपटने मांडलेले तुकडे गोळा केले. वाद घालायला काही उरलंच नव्हतं. हिंदुरावाने आपल्या बशीतला अर्धा चहा लिमयांच्या रिकाम्या बशीत ओतला आणि तिघेही आपापला चहा संपवू लागले.