कौन्सिलच्या चॅनलवरची दोन मिनिटं

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या प्लँटबाहेर मी गाडीत बसून डबा खात होते. कोविडमुळे कँटीनमध्ये एकत्र बसायला तेव्हा बंदी होती. "अगं, शिरीष गेला... सकाळी, हार्ट अटॅक," त्याची बायको मेधा म्हणाली. अंत्यसंस्काराला दहाच माणसं चालणार होती. त्या दहांत मी नव्हते. त्याचा राग मला अजून आहे, पण तो कुणावर काढावा हे कळत नाही.

शिरीष माझ्याच विभागात, क्वालिटीत होता. दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. सुटीच्या दिवशी तो इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, छोट्याशा चॅनलवर हौसेने कॅमेरा सांभाळायचा. चॅनल इंटरनेटवर चालणारं. कौन्सिलच्या सभा, बंद रस्ते, कचऱ्याच्या गाडीची बदललेली वेळ, असला सगळा मामला. "हे बघतं कोण रे?" म्हणून मी त्याची यथेच्छ टिंगल करायचे. "ज्याच्या दारातला कचरा उचलला नाही, तो बघतो," तो शांतपणे म्हणायचा.

२०२० च्या मार्चमध्ये मला भेटायला आलेली आई इथेच अडकली. सत्तरीपुढच्यांनी घरातच राहावं असा नियम आला आणि आईने तो इतका कडक पाळला की मागच्या अंगणातही पाऊल टाकेना. मे महिना येईतो तिचे पाय सुजले, बाथरूमपर्यंत जाताना ती भिंत धरू लागली. ही आता कायमची बसते की काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. मग नियम सैल झाला, ज्येष्ठांना फिरायला परवानगी मिळाली. मी तिला मोबाइलवर बातमी दाखवली. "तुझं ते व्हॉट्सअ‍ॅप मला नको सांगूस. सरकारी बातम्यांत येऊ दे," ती म्हणाली. जन्मभर संध्याकाळच्या सरकारी बातम्या ऐकलेली बाई. तिथे आलं की काळ्या दगडावरची रेघ.

असे अडकलेले आईवडील आमच्या प्लँटमधल्या बऱ्याच मराठी लोकांच्या घरी होते. शिरीषने कौन्सिलच्या मागे लागून बुलेटिनच्या शेवटी मराठीला दोन मिनिटं मिळवली, आणि पहिल्याच दिवशी चुकला! फिरण्याची हद्द पाच किलोमीटर झाली होती; याने जुन्या कागदावरून दोन वाचली. चॅनल सांभाळणारी मोरीन म्हणाली, "इट्स ग्रँड, शिरीष. डिलीट इट." म्हणजे काही बिघडत नाही, काढून टाक. हा ऐकेना. आमच्या प्लँटमध्ये नोंद चुकली तर खोडून टाकायची नसते. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. त्याने जुना व्हिडिओ तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून म्हणाला, "काल मी चुकीचं सांगितलं. चूक माझी, कौन्सिलची नाही."

मी कपाळाला हात लावला. वाटलं, संपलं, आता आई कुणाचंच ऐकणार नाही. आई मात्र मी टीव्हीवर लावून दिलेल्या त्या चॅनलकडे बघत म्हणाली, "स्वतःची चूक चारचौघांत सांगतोय. हा खोटं नाही बोलायचा." आणि तिने बूट मागितले. त्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या घरापर्यंत गेली, महिन्याभरात नदीपर्यंत. या उपकारांबद्दल मी शिरीषचे कधी धड आभार मानले नाहीत... टिंगल तेवढी करत राहिले.

विमानं सुरू झाल्यावरही मी तिला एकटीने पाठवलं नाही. त्यामुळे शिरीष गेला तेव्हा ती इथेच होती. मी घरी येऊन तिला सांगितलं, तर मोबाइलवरची बातमी ऐकावी तसं "हं" म्हणाली आणि मटार सोलत राहिली. पुढे तीन आठवडे तिने त्याचं नावही काढलं नाही. मला ते फार लागलं.

मग मोरीनने ती दोन मिनिटं मला दिली. गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसले आणि पहिली बातमी तो गेल्याचीच वाचली. घरी आले तर आई टीव्हीपुढे उभी होती, पदर तोंडाला लावून. मला बघताच ती हुंदका देत जवळ आली, माझे दोन्ही हात धरून तिने मला खाली बसवलं, आणि जपून, हळूच सांगितलं, "अगं, आपला शिरीष गेला."