दहा किलोचं डंबेल

आमच्या बडनेऱ्याच्या भाजीवाल्यांना त्याचा धाक आहे. माझ्या शेजारचा हा रेल्वेतला फिटर पिशवीत स्वतःचं किलोचं माप घेऊन फिरतो आणि वांगी घेण्याआधी ते काट्यावर ठेवायला लावतो. "वजन म्हंजे वजन, भाऊ," म्हणत मिशीवरून हात फिरवतो. बोलणं असं टोकदार, की मी त्याला जरा टाळतोच.

परवा तो अंगणात वडिलांची गंजलेली डंबेलं घेऊन बसला होता. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशनं घासून त्यानं ती लख्ख केली. मग पाच किलोच्या डंबेलावरचा उठावाचा आकडा कानशीनं घासून काढला आणि त्या जागी पुट्टी लावून दहाचा आकडा उठवला.

"हे काय?" मी विचारलं.

"दहाचं आता बाबाच्यानं हालत नाही. अन् पाचाले ते हात लावत नाहीत," तो खाली बघत म्हणाला.

वर दिलेला काळा रंग वाळल्यावर त्यानं वडिलांना हात धरून बाहेर आणलं. त्यांची नजर गेली आहे. त्यांनी अंगठ्यानं आकडा चाचपला, डंबेल हळूहळू खांद्यापर्यंत नेलं आणि खाली ठेवून ते माझ्या दिशेला वळले.

"मास्तर, तुमी उचलून पाहा बरं. जमते काय?"

ब्रश धुणारा त्याचा हात थांबला.

मी डंबेल दोन्ही हातांनी धरलं, गुडघ्यापर्यंत आणलं आणि मोठ्यानं धापा टाकत खाली ठेवलं.

"नाही जमत, बाबाजी," मी म्हणालो. "पुरे दहा किलो हायेत."