कुपीचा सत्कार

आमच्या राजवर्धन सरांना दोनच गोष्टी येत्यात. एक फेटा बांधून घ्यायचा, आणि दुसरी, फोटोत मधी उभं ऱ्हायचं. बायोटेकचे विभागप्रमुख हायत म्हणं. असतील. मी पिराजी, अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली अटेंडंट हाय. त्यांच्या हातात परीक्षानळी म्हणून कधी बघितली न्हाय.

दहावीला सर बोर्डात आले तवा त्यांच्या गावच्या कोडोलीकरांनी ट्रॅक्टरवरनं मिरवलं. तिथंच गडी बिघडला. विभागात डीप फ्रीझर आला, तर यांनी त्याच्या दाराला लाल फीत बांधली. संस्थेच्या साहेबांना सवड मिळंपतोर पाच दिवस दार उघडायचं न्हाय! वर नारळ फोडला तोबी फ्रीझरवरच. असलं येडं कुठं बघितलंय का?

आणि असल्या माणसाच्या हाताखाली उचगावची तेजस्वी पीएच.डी. करत हुती. पाच वर्षं घासली पोरीनं. शेवटचा प्रयोग एका कुपीवर अडला हुता. कुपीत काय, तर जखम भरून येताना आपल्या शरीरात काम करतंय ते प्रथिन. माणसाचंच, पण माणसातनं काढलेलं न्हवं. माणसाचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडनं करून घेतलेलं. कुपी करंगळीच्या पेरावढी. आली की लगेच उणे ऐंशी अंशावर ठेवायची, न्हायतर खेळ खलास. तिकडं महिनाअखेरीला तेजस्वीची मुदत संपत हुती.

तीन महिने वाट बघून खोका आला, सकाळी सव्वादहाला. मी रजिस्टरला वेळ लिहून सही केली. आत कोरडा बर्फ मूठभर उरलेला. किल्ली घेऊन फ्रीझरकडं निघालो तर सर आडवे आले.

"अरं थांब की! अमरसिंह साहेब यायलेत. त्यांच्या हस्ते आत ठेवायचं."

"सर, बर्फ संपत आलाय," तेजस्वी म्हणाली. "कुपी आत ठेवते. तुम्ही रिकाम्या खोक्याचा सत्कार करा."

"रिकाम्या खोक्याचा? साहेबांना फसवायचं? हे संस्कार हायत व्हय तुमचे?"

घ्या! ह्या माणसाला तेवढ्याच वेळेला सत्य आठवलं.

संस्थेचे अमरसिंह साहेब कळंब्याचं लग्न जेवून दीड वाजता उगवले. खोक्याला हार झाला, कुंकू झालं. साहेबांनी कुपी चिमटीत धरून खिडकीच्या उन्हात नेली.

"कुणा माणसाचं म्हणायचं हे?"

"अख्ख्या मानवजातीचं, साहेब!" सर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

कुपीतलं पाणी हलताना मला दिसलं. गोठलेलं असतं तर हललं नसतं. तेजस्वीनं माझ्याकडं बघितलं. मी शालीचं ताट सावरलं.

पुढं तिनं प्रयोग केला. दोनदा केला. काचेच्या बशीत पेशी वाढवून त्यावर ओरखडा काढायचा, प्रथिन घालायचं आणि ओरखडा भरतोय का बघायचं. दोन्ही वेळेला ओरखडा हुता तसाच. पोरगी तिथंच स्टुलावर बसून रडली.

आणि सरांनी काय लिहून दिलं? 'विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे कुपी निकामी झाली.' नालायक! माझं टाळकंच फिरलं. चौकशी लागली, मला साक्षीला बोलावलं. मी सरांच्या केबिनमधनं त्या सत्काराचा त्यांचाच फ्रेम केलेला फोटो खिळ्यावरनं उतरवला, रजिस्टर काखेत मारलं आणि दोन्ही टेबलावर नेऊन आपटली. रजिस्टरला सव्वादहा. फोटोत भिंतीवरच्या घड्याळात एक पस्तीस, अन् कुपी साहेबांच्या हातात. सर फेटा बांधून मधी.

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. चौकशीच्या मेहरुन्निसा मॅडमनी तेजस्वीला सहा महिने मुदत आणि नवी कुपी तिथंच मंजूर केली. मला लई बरं वाटलं. छाती काढून निघालोच हुतो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट फोटोच्या कडेला टेकलं. "हे ताट धरून हसणारे कोण?"

"मीच की."

"बर्फ संपत आलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग तीन तास वीस मिनिटं फ्रीझरची किल्ली कुणाकडं होती?"

सर माझ्याकडं बघत हुते. तेजस्वीबी बघत हुती.

"माझ्या खिशात, मॅडम."