ईथरची बाटली उघडण्याआधी

आमच्या प्रयोगशाळेत ईथरची बाटली उघडण्याआधी मोठ्याने विचारायचं, ‘बर्नर बंद?’ प्रत्येक टेबलावरून ‘बंद’ ऐकू येईपर्यंत बुचाला हात लावायचा नाही. ही पद्धत मीच घातली. ईथरची वाफ जड असते. ती न दिसता टेबलावरून सरपटत जाते, लांबची ज्योत गाठते आणि आग घेऊन बाटलीपाशी परत येते.

आज बाटली मेधाच्या हातात होती. हजेरीला तिचं ‘हजर’ मला कधी ऐकू येत नाही. आज मात्र तिचा प्रश्न शेवटच्या खिडकीपर्यंत पोचला. सगळ्या टेबलांवरून उत्तरं आली, तरी ती थांबलेलीच.

“मॅडम, तुमचा?”

मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बर्नरची निळी ज्योत उन्हात नीट दिसत नाही, हे मीच त्यांना सांगितलेलं. आपण शिकवलेलं असं आपल्यालाच जाब विचारतं, तेव्हा ऊर भरून येतो. धीट मुलगी म्हणजे फटकळ मुलगी, असं मी उगाच समजत आले. न दिसणाऱ्या वाफेसाठी अख्खा वर्ग, बाईंसकट, थांबवून धरायला छाती लागते.

मी माझ्या टेबलावरच्या बर्नरची कळ फिरवून पाहिली. “बंद,” मी हजेरी दिल्यासारखं ताठ उभं राहून म्हणाले.

मग तिने बूच काढलं.