वहिनींनी दुर्बिणीचा नेम लावला

परवा आमच्या राजापेठेतल्या गच्चीवर जी धमाल झाली, ती सांगायलाच हवी.

मी भूगोलाची रिटायर्ड शिक्षिका. दिवाळीत हौसेने टेलिस्कोप घेतला आणि उत्साहाच्या भरात कॉलनीच्या ग्रुपवर टाकून बसले... यंदा माझ्याकडे हळदीकुंकवाला वाण म्हणून गुरू ग्रह आणि त्याचे चंद्र!

आणि मला गुरू काही सापडेना. मोठ्या नळीच्या पाठीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते. तिच्यातल्या फुलीवर ग्रह आणला की तो मोठ्या नळीतही दिसायला हवा. मला आठवडाभर नुसता काळोख दिसत होता. शेवटी आदल्या दुपारी 'कार्यक्रम रद्द' असा मेसेज टाइप करायला घेतला...

तेवढ्यात चांदूर रेल्वेहून सुनंदा वहिनी आल्या, माझ्या मोठ्या भावाची बायको. हातात शेतातली वांगी आणि शेवंती. माझं रडगाणं ऐकून म्हणाल्या, "ग्रह राहू दे बाई. आधी ते पाण्याची टाकी दिसते का पाय."

मोठ्या नळीत टाकीवरचा पाइप मधोमध धरला. उलटा दिसतो, पण दिसला! छोटीत पाहिलं तर फुली भलत्याच गच्चीवरच्या साडीवर.

"मंग नेमच वाकडा हाये ना! आभायाले काहून दोष देऊन राहिली?"

छोटी दुर्बीण दोन कड्यांत बसवलेली, प्रत्येक कड्याला तीन स्क्रू. ते नुसते पकडीसाठी समजून मी सगळे गच्च आवळून टाकले होते. वहिनींनी एक सैल केला, दुसरा जरासा आवळला... नळी केसभर सरकली. "रोपं लावताना आमी दोरी अशीच सरकवतो," त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने फुली बरोब्बर पाइपवर आली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गुरू पहिल्याच प्रयत्नात सापडला. मध्ये पिवळसर गोळा आणि एका ओळीत चार चंद्र! बायका एकमेकींना ढकलत होत्या, तिळगूळ ताटातच राहिला...

वहिनी मात्र खाली चहा टाकत होत्या. त्यांना हाताला धरून वर आणलं. डोळा लावून त्यांनी चारही चंद्र बोटांवर मोजले... मग हळूच म्हणाल्या, "मले असं काही पाहाले कोणी बलावलंच नोतं."

इतकी वर्षं वर्गात जगाचे नकाशे दाखवले, घरच्या माणसाला बोलवायचं मात्र राहूनच गेलं. वहिनी, खूप खूप थँक यू... पौर्णिमेला चंद्र बघायला नक्की या. चहा मी टाकते.