ओठांवरचं बोलणं

आमचे वडील सोलापुरात गिरणीत मागावर होते. विडी-दारू सोडाच, सुपारीचं खांडही ते तोंडात टाकत नसत. पगाराच्या दिवशी बाकीची मंडळी गुत्त्याकडे वळायची, तेव्हा हे भजी बांधून घेऊन थेट घरी यायचे. आईला याचा भारी तोरा. "आमच्या घरात वास न्हाय कसला," असं ती चाळीतल्या बायकांना सुनावायची.

म्हणूनच त्यांचा आवाज बसला तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. कापसाची धूळ, दुसरं काय, म्हणत आम्ही हळदीच्या गुळण्या करवत राहिलो. डॉक्टरही विडी-दारूचं विचारायचे आणि नाही म्हटलं की खोकल्याचं औषध द्यायचे. शेवटी घास उतरेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल कदाचित, पण आवाज कायमचा जाईल, असं सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आम्ही घरात पाहिली.

चाळीला मात्र संन्यासी दिसला नाही. "चोरून घेत असंल की," असं नळावर सुरू झालं. त्या लोकांचा मला अजून राग येतो. पण ते बोलणं आईच्याही मनात शिरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वडिलांच्या खाटेशी बसली आणि म्हणाली, "आवं, खरं सांगा. कदी घेतली हुती का?"

वडिलांचा घोगरा आवाज तेव्हा थोडा उरला होता. तिच्यासाठी त्यांनी तो वापरला नाही. भिंतीकडे तोंड केलं.

घरी आले ते मुके होऊन. लिहिणं सहीपुरतंच. पाणी हवं, उशी हवी, एवढं मला खुणेनं सांगत. आईला तेवढंही नाही.

मग त्यांच्या शेजारच्या मागावरचे काका भेटायला आले. मागांच्या खडखडाटात कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून विणकर नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. दोघं समोरासमोर बसले आणि वडील भराभर बोलू लागले. मधेच खांदे हलवून हसलेसुद्धा. मला हेवा वाटला, रडूही आलं.

आई चहा घेऊन आली. "भावजी, काय म्हनत्यात?"

काका कपात बघत राहिले. "काय न्हाय वैनी, गिरणीतलंच आपलं."

"सांगा की."

"म्हनतोय, जगानं इचारलं त्याचं काय न्हाय. तिनं इचारायला नको हुतं."

काका गेल्यावर आई खाटेजवळ पाट ओढून बसली. "चुकलं माजं. आता माज्याशी बोला. हळू बोला, मला कळंल."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ जरासे उघडले, आणि मग त्यांनी ते मिटून घेतले.

दिवाळीच्या आत ते गेले. तोवर आई रोज तशीच बसायची, त्यांच्या ओठांकडे बघत.